पाण्याखालच्या फोटोची खरी किंमत

यवतमाळ शहरालगतच्या लोहारा येथून मालवणचा किनारा सरळ रेषेत मोजला तरी सुमारे सातशे किलोमीटर दूर आहे. रस्त्याने हे अंतर आणखी वाढते. तरीही दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्या संपल्या की विदर्भातल्या अशा गावांमधल्या मोबाइलवर एकाच धाटणीचा फोटो फिरू लागतो. निळे-हिरवे पाणी, डोळ्यांवर काचेचा मोठा चष्मा, तोंडात हवेची नळी आणि सभोवती काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या माशांचा घोळका. ज्यांनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला, त्यांनी त्याच फेरीत समुद्राचा तळही पाहिलेला असतो.

पंधरा-वीस वर्षांपूर्वी हे सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात नव्हते. आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवण, तारकर्ली, देवबाग परिसरात स्कुबा डायव्हिंग हा पर्यटनाचा मुख्य आधार झाला आहे. बुडीच्या दरात फोटो आणि व्हिडिओ धरलेला असतो. बहुतेक पर्यटक खरे तर त्या व्हिडिओसाठीच पाण्यात उतरतात. प्रश्न असा की, या एका फोटोसाठी पर्यटकाचे शरीर आणि समुद्राचा तळ नेमके काय मोजतात? आणि हाच कॅमेरा समुद्राच्या उपयोगी पडू शकतो का?

एकाच किनाऱ्याची अनेक रूपे

सुमारे ७२० किलोमीटर लांबीचा समजला जाणारा महाराष्ट्राचा किनारा एकसारखा नाही. उत्तरेकडे मुंबई-रायगडच्या पट्ट्यात काळ्या बेसॉल्टचे सपाट खडक आणि चिखलाच्या खाड्या आहेत. रत्नागिरीकडे सरकले की जांभ्याचे सडे थेट समुद्रात तुटतात आणि दोन कड्यांच्या मध्ये लहान पुळणी दिसतात. सिंधुदुर्गात लांब वाळूचे किनारे, कर्ली आणि कोळंबसारख्या खाड्या, कांदळवने आणि समुद्रातून डोके वर काढणारे खडक असे सगळे थोड्या अंतरात भेटते. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवरील गुहांत पाकोळ्यांची वसाहत आहे. तेच खडक पाण्याखाली उतरतात तेव्हा माशांचे आसरे होतात.

प्रवाळाचे अंडे-पिल्लू पाण्यात तरंगत येते आणि कठीण आधार मिळाला तरच तिथे रुजते. वाळूवर किंवा चिखलावर त्याला टिकता येत नाही. म्हणून सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि आजूबाजूचे बुडालेले खडक यांना इतके महत्त्व आहे. याच भागात १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर, आणि त्यातील गाभा क्षेत्र जेमतेम सव्वातीन चौरस किलोमीटरचे. मासेमारीवर निर्बंध येतील या भीतीने स्थानिक मच्छीमारांनी अभयारण्याला सुरुवातीपासून विरोध केला. तो प्रश्न अजूनही पूर्ण सुटलेला नाही.

इथले प्रवाळ लक्षद्वीपसारखे फांद्यांचे, रंगीत बगिचासारखे दिसत नाहीत. पोरायटीस, फॅविटिस, टर्बिनेरिया अशा प्रजाती गोलसर धोंड्यासारख्या किंवा पसरट पानासारख्या वाढतात. पावसाळ्यात नद्यांचा गाळ, गोडे पाणी आणि खवळलेल्या लाटा सोसून त्या टिकल्या आहेत. धोंड्यासारख्या प्रवाळांची वाढ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर. म्हणजे गुडघ्याएवढ्या उंचीची वसाहत माणसाच्या अर्ध्या आयुष्याएवढी जुनी असू शकते. तिच्यावर एक क्षण पाय टेकवून फोटो काढणे किती महाग पडते, ते या हिशेबातून कळते.

मालवणपासून लांब, विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर, खोल समुद्रात आंग्रिया बँक हे बुडालेले पठार आहे. कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखले जाणारे हे पठार सुमारे चाळीस किलोमीटर लांब आणि पंधरा किलोमीटर रुंद असून त्याचा माथा पाण्याखाली वीस मीटरच्या आसपास आहे. किनाऱ्यावरचा गाळ तिथवर पोहोचत नसल्याने पाणी स्वच्छ आणि प्रवाळ समृद्ध. २०१९ च्या डिसेंबरमध्ये शास्त्रज्ञांच्या मोहिमेने तिथे पाहणी केली. त्यानंतर राज्याने या क्षेत्राला केंद्राच्या सागरी क्षेत्र कायद्याखाली संरक्षण मिळावे असा प्रस्ताव पुढे नेला. जे ठिकाण बहुसंख्य लोक कधीच पाहणार नाहीत, त्याचे महत्त्व पटवून देण्यात पाण्याखालच्या छायाचित्रांचा मोठा वाटा होता.

फोटो निळाच का येतो?

पाण्याखालचे सुरुवातीचे छायाचित्रण फ्रान्समध्ये लुई बुताँ या जीवशास्त्रज्ञाने १८९३ मध्ये केले. कॅमेरा पेटीत बंद करून तो समुद्रात उतरवावा लागे. पाण्याखालचा पहिला रंगीत फोटो १९२६ मध्ये अमेरिकेच्या फ्लोरिडाजवळ काढला गेला. त्यासाठी पाण्यावर तरंगत्या तराफ्यावर मॅग्नेशियमच्या भुकटीचा स्फोट घडवून उजेड करावा लागला होता. १९४३ मध्ये जॅक कुस्तो आणि एमिल गान्याँ यांनी श्वासाबरोबर हवा देणारे उपकरण तयार केले आणि माणूस पाण्याखाली मोकळेपणाने हिंडू लागला. आज तळहातावर मावणारा कॅमेरा तेच काम करतो, पण पाण्याचे नियम तेच आहेत.

पाणी प्रकाशातला लाल रंग सर्वांत आधी शोषून घेते. पहिल्या पाच-दहा मीटरमध्येच लाल जवळपास नाहीसा होतो, मग नारिंगी, मग पिवळा. शेवटी निळा-हिरवा उरतो. बाजारात लालभडक दिसणारी तांबोशी पंधरा मीटर खोलीवर काळपट दिसते ती यामुळेच. म्हणजे माशाचा भडक रंग त्याच्या घरी त्याला लपवण्याचे काम करतो. पर्यटकाच्या व्हिडिओत चेहरा निस्तेज आणि निळसर दिसण्याचे कारणही हेच.

दुसरा नियम वक्रीभवनाचा. पाण्याखाली वस्तू प्रत्यक्षापेक्षा सुमारे पाव अंतराने जवळ आणि एक तृतीयांश मोठ्या भासतात. त्यामुळे नवख्या माणसाचा हात प्रवाळापर्यंत कधी पोहोचला हे त्याला कळतच नाही. तिसरी अडचण गढूळपणाची. मालवणच्या पाण्यात गाळाचे आणि सूक्ष्म वनस्पतींचे कण तरंगत असतात. समोरून झोत मारला तर तो कणांवरून परावर्तित होतो आणि फोटोवर बर्फ पडल्यासारखे ठिपके उमटतात. म्हणून अनुभवी छायाचित्रकार दिवा कॅमेऱ्यापासून दूर, तिरका धरतात आणि विषयाच्या शक्य तितक्या जवळ जातात. पाण्याचा थर जितका कमी, तितका फोटो स्वच्छ.

इथेच संकट सुरू होते. चांगल्या फोटोसाठी जवळ जावे लागते आणि जवळ जायचे तर पाण्यात स्थिर तरंगता आले पाहिजे. हे कौशल्य अनेक बुड्यांनंतर येते. पहिल्यांदाच उतरलेल्या माणसाकडे ते असणे शक्यच नाही.

तळाला बसणारा फटका

कॅरिबियन समुद्रातील सेंट लुसिया बेटावर पाणबुड्यांच्या वागण्याचा अभ्यास करून तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅमेरा बाळगणाऱ्या पाणबुड्यांकडून प्रवाळांना स्पर्श होण्याचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक आढळले. त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष असा, की बुडीपूर्वीच्या माहितीत ‘प्रवाळांना हात लावू नका’ एवढे एक वाक्य वाढवून काही फरक पडला नाही. मार्गदर्शकाने पाण्याखालीच खूण करून रोखले, तेव्हा मात्र धक्के लक्षणीय कमी झाले. मालवणच्या दृष्टीने हा धडा नेमका आहे. किनाऱ्यावर फलक लावून प्रवाळ वाचत नाहीत, पाण्यातल्या मार्गदर्शकाच्या हातात ते असते. पण त्याच मार्गदर्शकाला कमी वेळात अधिक पर्यटक उतरवायचे असतील आणि प्रत्येकाचा व्हिडिओही काढायचा असेल, तर रोखणार कोण?

फोटोत मासे भरपूर दिसावेत म्हणून पाण्याखाली पाव किंवा बिस्किटांचा चुरा सोडण्याची पद्धतही पर्यटकांच्या व्हिडिओंत दिसते. पट्टेदार सार्जंट मेजर मासे क्षणात गोळा होतात आणि फोटो भरगच्च येतो. पण मैद्याचे पीठ हे त्यांचे अन्न नाही. खाऊ घालण्याची सवय लागली की धीट प्रजाती एका जागी गर्दी करतात, बुजऱ्या प्रजाती दूर जातात. काही मासे खडकावरचे शेवाळ चरून प्रवाळासाठी जागा मोकळी ठेवतात. त्यांचे चरणे कमी झाले तर शेवाळ वाढते आणि प्रवाळाच्या नव्या पिल्लांना रुजायला खडक उरत नाही.

फ्लॅशने माशांचे डोळे जातात, असे अनेकांना वाटते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तळाशी राहणाऱ्या समुद्रघोड्यांसारख्या माशांवर याची चाचणी झाली. फ्लॅशचा परिणाम फारसा दिसला नाही. फोटोसाठी प्राण्याला हाताने किंवा काडीने हलवणे, वळवणे याचा ताण मात्र स्पष्ट दिसला. म्हणजे दोष प्रकाशापेक्षा हाताचा अधिक आहे.

कायदा याबाबत कडक आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत कठीण प्रवाळ, समुद्रघोडे आणि बहिरी म्हणजे व्हेल शार्क यांचा समावेश आहे. वाघाला जे संरक्षण, तेच यांना. टिपेश्वरच्या जंगलातून वाघाचे नख आणणे जसा गुन्हा, तसाच मालवणहून पोवळ्याचा तुकडा ‘आठवण’ म्हणून आणणे हाही गुन्हाच. यवतमाळकराला हे उदाहरण लगेच पटावे.

पर्यटकाच्या शरीराचे काय होते?

पर्यटकांची बुडी सहसा दहा मीटरपेक्षा उथळ असते. ‘एवढ्या कमी खोलीत काय होणार’ हा सर्वांत मोठा गैरसमज. पृष्ठभागावर हवेचा दाब एक वातावरण असतो, दहा मीटरवर तो दोन होतो. म्हणजे दाबाचा सर्वांत मोठा पटीतला बदल पहिल्या दहा मीटरमध्येच घडतो. त्यानंतर पुन्हा दुप्पट व्हायला तीस मीटर गाठावे लागतात.

याचा पहिला परिणाम कानावर होतो. बाहेरचा दाब वाढला की पडदा आत ढकलला जातो. नाक दाबून हळूच हवा कानाकडे ढकलली की दाब समान होतो. ही क्रिया कान दुखायच्या आधीपासून, प्रत्येक अर्ध्या-एक मीटरला करावी लागते. सर्दी, सायनस किंवा घसा सुजलेला असेल तर ही वाट बंद असते. अशा स्थितीत उतरल्यास पडद्यामागे रक्तस्राव होऊ शकतो, पडदा फाटूही शकतो. रात्रभर वातानुकूलित बसमध्ये प्रवास करून सर्दी घेऊन पोहोचलेला पर्यटक सकाळीच पाण्यात उतरतो, तेव्हा हा धोका सर्वाधिक असतो. डायव्हिंगमधील सर्वांत जास्त तक्रारी कानाच्याच असतात.

दुसरा धोका कमी आढळतो, पण जिवावर बेततो. दहा मीटरवर टाकीतून छातीत भरून घेतलेली सहा लिटर हवा वर येताना प्रसरण पावते आणि पृष्ठभागावर तिला बारा लिटरची जागा लागते. श्वास सुरू असेल तर ती सहज बाहेर पडते. घाबरून श्वास रोखून झपाट्याने वर आल्यास फुप्फुस फाटू शकते आणि हवेचे बुडबुडे रक्तातून मेंदूपर्यंत जाऊ शकतात. यासाठी फार खोल जावे लागत नाही, दीड-दोन मीटरवरूनही असे घडल्याची वैद्यकीय नोंद आहे. म्हणून स्कुबाचा पहिला नियम एकच : श्वास कधीही रोखू नका. कॅमेऱ्याकडे पाहून छाती फुगवून ‘पोज’ देणाऱ्याला हा नियम नेमका त्याच क्षणी आठवत नाही.

खुणांची गल्लतही अशीच. जमिनीवर अंगठा उंचावणे म्हणजे ‘मस्त’. पाण्याखाली त्याच खुणेचा अर्थ ‘मला वर जायचे आहे’ असा होतो. सर्व ठीक असल्याचे सांगायला अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा असतो. फोटोसाठी अंगठा दाखवणारा पर्यटक मार्गदर्शकाला चुकीचा निरोप देत असतो.

तिसरा मुद्दा रक्तात विरघळणाऱ्या नायट्रोजनचा. दाबाखाली श्वास घेतल्याने हा वायू शरीरात अधिक विरघळतो आणि दाब कमी होताच बाहेर पडू लागतो. खूप खोल किंवा वारंवार बुड्या मारून लगेच उंचीवर गेल्यास त्याचे बुडबुडे होऊन सांधेदुखी, बधिरपणा, अर्धांगवायू अशी लक्षणे दिसतात. एका साध्या बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास विमानप्रवास टाळावा, असा सर्वमान्य सल्ला आहे. विदर्भातून जाणाऱ्यांनी घाटही लक्षात ठेवला पाहिजे. समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरपेक्षा अधिक उंची डायव्हिंगच्या हिशेबात ‘उंची’ मानली जाते, आणि आंबोली सुमारे सातशे मीटरवर आहे. दहा-पंधरा मिनिटांच्या एका उथळ बुडीनंतर हा धोका अत्यल्प असतो. पण प्रशिक्षण घेऊन दिवसात दोन-तीन खोल बुड्या मारणाऱ्याने त्याच संध्याकाळी घाट चढू नये.

कोणी उतरू नये, याची यादी डॉक्टरांच्या दृष्टीने साधी आहे. दमा, हृदयविकार, अपस्मार, कानाचा फाटलेला पडदा, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया आणि गर्भारपण. अनियंत्रित रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. मुलांसाठी दहा वर्षे ही सर्वसाधारण किमान वयोमर्यादा आहे. आदल्या रात्री मद्यपान केलेल्यांनी त्या दिवशी बुडी टाळावी. बुडीपूर्वी भरून घेतल्या जाणाऱ्या आरोग्य अर्जावर न वाचता सही करणे म्हणजे स्वतःलाच फसवणे. किनाऱ्यावर पोहोचेपर्यंत प्रवासाचे आणि मुक्कामाचे पैसे खर्च झालेले असतात, म्हणून अनेक जण आजार लपवतात. त्यामुळे हा निर्णय घरून निघण्यापूर्वीच घ्यायला हवा.

बुडीनंतर छातीत दुखणे, चक्कर, हातापायाला मुंग्या किंवा बोलण्यात अडखळणे जाणवले तर ‘थकवा असेल’ म्हणून थांबू नये. रुग्णाला आडवे झोपवून शुद्ध ऑक्सिजन देणे आणि लगेच रुग्णालयात हलवणे हा पहिला उपचार. डॉक्टरांना बुडीची वेळ आणि खोली सांगितलीच पाहिजे, कारण कोकणातून निघून दूरच्या गावात पोहोचलेल्या रुग्णाच्या लक्षणांचा संबंध समुद्राशी जोडणे तेथील डॉक्टरांना सहज सुचत नाही.

धोका केवळ पाण्याखालीच असतो असेही नाही. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कुबा आटोपून परतणारी पर्यटकांची होडी उलटली आणि दोन पर्यटकांचा मृत्यू झाला. ते मे महिन्याचे शेवटचे दिवस होते, वारा आणि लाटा वाढण्याचे. पावसाळ्यात जलक्रीडा बंद ठेवल्या जातात, पण बंदी लागण्याच्या आधीचा आठवडाही धोक्याचाच. सुट्या मेमध्ये असतात, समुद्र मात्र नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात शांत आणि पाणी अधिक स्वच्छ असते. फोटोही त्याच दिवसांत चांगला येतो.

कॅमेरा साक्षीदार होतो तेव्हा

पाण्याखालचे छायाचित्रण हे केवळ संकट आहे असे मानणे चूक ठरेल. किंबहुना समुद्राच्या अभ्यासाला आज त्याचा मोठा आधार आहे. प्रवाळ पाहणीत शास्त्रज्ञ ठरावीक मापाची चौकट तळावर ठेवून फोटो घेतात आणि त्यातून जिवंत प्रवाळ, शेवाळ, मोकळा खडक यांचे प्रमाण मोजतात. पुढच्या वर्षी त्याच जागी, त्याच कोनातून फोटो घेतला की बदल दिसतो.

हे महत्त्वाचे ठरले आहे, कारण समुद्र तापत आहे. नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा पाणी जेमतेम एक अंशाने अधिक राहिले आणि ते काही आठवडे टिकले, तर प्रवाळ आपल्या पेशींत राहणारे सूक्ष्म शैवाल बाहेर टाकतात. अन्न आणि रंग दोन्ही त्या शैवालाचे. ते गेले की प्रवाळ पांढरे पडते. पाणी लवकर निवले तर ते सावरते, नाहीतर मरते. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगातील चौथी जागतिक विरंजन घटना जाहीर केली. वर्षभरानंतर जगातील ८० टक्क्यांहून अधिक प्रवाळक्षेत्राला या उष्णतेची झळ बसल्याचे सांगण्यात आले. लक्षद्वीपमध्येही २०२४ च्या उन्हाळ्यात मोठे विरंजन नोंदले गेले. मालवणच्या समुद्रात रोज पर्यटकांचे शेकडो व्हिडिओ निघतात. त्यातल्या एखाद्याच खडकाचे फोटो तारीख, खोली आणि ठिकाणासह जपले गेले, तर मार्च-एप्रिलमध्ये प्रवाळ कधी फिकट होऊ लागले हे अभ्यासकांना आयते कळेल. आज ते व्हिडिओ पर्यटकाच्या मोबाइलवर जातात आणि तिथेच संपतात.

फोटोची अशी किंमत इतरत्र सिद्ध झाली आहे. व्हेल शार्कच्या अंगावरील ठिपक्यांची रचना बोटांच्या ठशासारखी प्रत्येकात वेगळी असते. तारकासमूह ओळखण्यासाठी खगोलशास्त्रात वापरली जाणारी गणिती पद्धत २००५ मध्ये या ठिपक्यांना लावण्यात आली आणि जगभरच्या पर्यटकांच्या फोटोंतून एकेक मासा ओळखणे शक्य झाले. मुंबईत २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या नागरिकांच्या उपक्रमाने तर पाण्यात बुडीही मारली नाही. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवर चालत, फोटो काढत त्यांनी महानगराच्या किनाऱ्यावरचे जीवन लोकांसमोर आणले. तिथे प्रवाळ आहेत ही गोष्ट सार्वजनिक चर्चेत आली, आणि किनारी रस्त्याच्या कामात २०२० मध्ये काही प्रवाळ वसाहती दुसरीकडे हलवाव्या लागल्या.

मच्छीमारांच्या हातातला मोबाइलही याच कामी आला. जाळ्यात अडकलेले कासव, डॉल्फिन किंवा बहिरी सोडवण्यासाठी जाळे कापावे लागले, तर त्याची भरपाई २५ हजार रुपयांपर्यंत देण्याची योजना राज्यात २०१८ च्या अखेरीस सुरू झाली. त्यासाठी सुटकेचे फोटो किंवा चित्रीकरण पुरावा म्हणून द्यावे लागते. प्राणी वाचतो, मच्छीमाराचे नुकसान भरून निघते आणि कोणता जीव कुठे, कधी दिसला याची नोंदही होते. फोटोचा याहून सार्थ उपयोग क्वचितच सापडेल.

पुढचा टप्पा : बुडालेले जहाज

आता पाण्याखालच्या पर्यटनाला नवे आकर्षण मिळत आहे. नौदलाच्या सेवेतून जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेले ‘आयएनएस गुलदार’ हे सुमारे ८० मीटर लांबीचे जहाज निवती खडकांच्या परिसरात समुद्रतळावर उतरवून तिथे संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभित्ती उभारण्याची योजना आहे. केंद्राने त्यासाठी ४६ कोटींहून अधिक रुपये मंजूर केले आहेत.

अशा जहाजांचा जगभरचा अनुभव संमिश्र आहे. लोखंडावर आधी सूक्ष्म जीवांचा थर बसतो, मग शेवाळ, शिंपले, स्पंज आणि शेवटी प्रवाळ. मासे मात्र पहिल्या काही महिन्यांतच आसरा घेतात. अनुभवी पाणबुडे तिकडे वळले तर किल्ल्याभोवतीच्या जुन्या प्रवाळांवरचा ताण कमी होऊ शकतो. त्यासाठी जहाज बुडवण्यापूर्वी तेल, रंग, तारांचे आवरण यांची काटेकोर स्वच्छता हवी. दुसरी अट नियोजनाची. बुडालेले जहाज ही बंदिस्त जागा असते, तिथे पहिल्यांदाच उतरणाऱ्या पर्यटकाचे काम नाही. आणि नवे जहाज आले म्हणून जुन्या खडकांवरची गर्दी तशीच राहिली, तर ताण दोन ठिकाणी वाटला जाण्याऐवजी दुप्पट होईल.

करता येण्यासारख्या गोष्टी फार खर्चिक नाहीत. होड्यांनी प्रवाळावर नांगर टाकू नये यासाठी कायमचे तरंगते बोये बांधणे. एका मार्गदर्शकामागे पर्यटकांची संख्या ठरवणे. माशांना खाऊ घालण्यावर बंदी. चित्रीकरण करणारा आणि पर्यटकाला सांभाळणारा हे दोघे वेगळे असणे. रोजच्या व्हिडिओंतून निवडक फोटो अभ्यासकांपर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था. आणि यातून मिळणाऱ्या पैशात रापण ओढणाऱ्या पारंपरिक मच्छीमारांचा वाटा. पर्ससीन आणि एलईडी मासेमारीने ज्यांचे उत्पन्न घटले, त्यांच्याच घरातील अनेक तरुण आज पर्यटकांना पाण्याखाली नेतात. प्रवाळ टिकले तरच त्यांचा हा दुसरा व्यवसाय टिकेल, हे त्यांना बाहेरच्या कोणी समजावण्याची गरज नाही. मात्र दराच्या चढाओढीत सुरक्षितता आणि संयम यांचाच बळी जातो, तेव्हा नियम सर्वांना सारखे असावे लागतात.

लोहाऱ्यासारख्या गावाचा समुद्राशी संबंध फक्त सुटीपुरता नाही. यवतमाळ जिल्ह्यातील पैनगंगा आणि वर्धा नद्यांचे पाणी पुढे गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागरात जाते. त्यात टाकलेले प्लास्टिकही तिथवर जाऊ शकते. वणी-मुकुटबन परिसरातला चुनखडक तर कोट्यवधी वर्षांपूर्वी इथेच पसरलेल्या उथळ समुद्राच्या तळाशी साचला आहे. आज ज्या दगडातून सिमेंट होते, तो कधीकाळी समुद्राचा तळ होता.

पुढच्या सुटीत मालवणला जाणाऱ्याने म्हणून तीन प्रश्न आधी विचारावेत. माझ्या कानाची, छातीची, हृदयाची तब्येत बुडीला योग्य आहे का? मला उतरवणारा मार्गदर्शक प्रशिक्षित आहे आणि त्याच्याबरोबर आणखी किती जण आहेत? तिथे माशांना पाव टाकतात का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ आले, तर दुसरी जागा शोधावी. फोटोत मासे थोडे कमी आले तरी चालतील. पुढच्या पिढीलाही ते मासे आणि तो खडक जागेवर सापडला, तर त्या फोटोची किंमत वसूल झाली असे म्हणता येईल.